कॅपिटलमधली सुरमई

वेणूआत्याचा गुडघा पार कामातून गेलाय. तरी मासळीची पाटी घेऊन ती नवीन पनवेलचे जिने चढते. म्हणून मी प्रोग्राम लिहिला, तोही हॅस्केल नावाच्या अवघड कॉम्प्युटर-भाषेत, कारण मी हट्टी आहे. गिऱ्हाइकानं मासळीचं नाव मेसेज करायचं. ते आत्यानं नोंदवलेल्या मासळीशी जुळलं की आत्याचा फोन वाजणार आणि गिऱ्हाईक खाली येणार.

"आज वाजला नाय, तर मी चालले जिन्यानी," आत्यानं बजावलं.

बिल्डिंगच्या गेटवर आम्ही बसलो. लॅपटॉपवर मेसेज येत होते. सुरमई, सुरमई, अजून एक सुरमई! फोन मात्र ढिम्म. आत्यानं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि मी घाईघाईनं तिच्या नोंदी उघडल्या.

मग दिसलं. आत्यानं सुरमई इंग्रजी कॅपिटलमध्ये टाईप केली होती, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. गिऱ्हाइकं स्मॉलमध्ये लिहीत होती. कॉम्प्युटरच्या लेखी या दोन निरनिराळ्या मासळ्या.

"आत्या, सगळं कॅपिटल कशाला?"

"मंग? मासली इकताना कोन हलू बोलतं? तिसऱ्या माल्यावर ऐकू जायला नको?"

मी शहाणीसारखं येणारे मेसेज स्मॉल करणारं फंक्शन लावलं. ते तर आधीच स्मॉल होते! फोन गप्प. अगं बावळट, मी स्वतःलाच मोठ्यानं झापलं, मेसेज आणि आत्याची नोंद, दोन्ही स्मॉल कर, मग जुळव!

"माज्या अक्षरांना हात लावशील तर बघ," आत्या कडाडली.

"नाही गं लावत! या भाषेत तुझं लिहिलेलं बदलतच नाही. फंक्शन फक्त दुसरी प्रत काढतं, स्मॉलमधली. तेवढीच जुळवून बघायची."

मी प्रोग्राम पुन्हा चालवला.

फोन वाजला. लगेच पुन्हा वाजला! मग थांबेचना. मी टुणकन उडी मारली, वॉचमनला टाळी दिली, त्याला काय झालं ते कळलंही नाही. आत्यानं स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन तपासली. तिची सुरमई होती तशीच, कॅपिटलमध्ये.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "वेणूबाई, वर येताय ना?"

आत्यानं चुंबळ काढली, गुडघा पसरून ऐसपैस बसली आणि सगळी बिल्डिंग दणाणून सोडली.

"नाय! आता तुमी उतरा!"