धाकू तांडेलाची पॅन्ट

वागळे इस्टेटमधल्या देवराम कोळ्याच्या छापखान्यात आठवडाभर औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापली जात, आणि रविवारी छापला जाई धाकू तांडेल. लेबलांचा कागद कापून उरलेल्या पट्ट्यांवर निघणारं ते चित्रकथेचं पुस्तक पडवळासारखं लांबोडकं असे. स्टॉलवाले वैतागत, पण पोरं बरोबर हुडकून काढत. गोष्ट देवरामची, चित्रं रतन पेंटरची. "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या," असं देवरामची बायको शेवंती म्हणे, आणि नवा अंक आला की तो आधी स्वतःच वाचायला घेई.

धाकू आपल्या ठाण्याच्या खाडीतला. त्याला उडता येत नव्हतं की अंगातून वीज सोडता येत नव्हती. हातात वल्हं, कंबरेला कोळ्याचा तिकोनी रुमाल आणि डोक्यात भरती-ओहोटीची अक्कल, एवढ्या भांडवलावर तो स्मगलरांना पुरून उरला होता. एकदा तर खाडीत पडलेल्या उडत्या तबकडीलाही. त्याची उभं राहण्याची ऐट मात्र उसनी होती. ती होती देवरामच्या बापाची. सत्तरी उलटलेला दामाजी दर रविवारी चेंदणीहून रुमालातच छापखान्यात येई, स्टुलावर एक पाय टाकून वल्हं धरून उभा राही, आणि रतन चित्र काढी.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका बड्या प्रकाशनाचे केळशीकर छापखान्यात आले. त्यांना धाकू हवा होता. रंगीत छपाई, हिंदीतही अंक, थेट नागपूरपर्यंत प्रत्येक स्टेशनावर! देवरामला खुर्चीत बसवेना.

"फक्त ते कमरेचं फडकं तेवढं काढा हो," केळशीकर म्हणाले. "असा उघडावाघडा हीरो चालत नाही. टाइट पॅन्ट द्या, बूट द्या. पुढच्या रविवारी येतो, नवी चित्रं तयार ठेवा."

खाडीच्या चिखलात बूट! खरं तर माणसाला तिथेच दरवाजा दाखवायचा. पण हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. देवराम 'हो' म्हणून बसला.

रात्री त्याने बापाला सांगितलं, तेही भिंतीकडे बघत. दामाजी जाळं विणत होता. त्याचा हात थांबला नाही.

"पॅन्ट तं पॅन्ट," तो म्हणाला. "आख्ख्या देशान तुजा नाव व्हईल ना? मंग झाला तं."

रविवारी देवराम केळशीकरांना घेऊन छापखान्यात शिरला आणि दारातच थबकला. दामाजी आधीच तयार होऊन उभा होता. अंगात देवरामची लग्नातली पॅन्ट, कंबरेला सुतळी, पायांत कुणाचे तरी कॅनव्हासचे बूट. डुलत्या होडीत एका ढांगेत चढणारा माणूस, पण आज त्याचा पाय स्टुलावर चढत नव्हता. पॅन्ट गुडघ्यात अडत होती. तोल जाई तसा तो वल्ह्यावर भार टाकी, आजाऱ्याने काठी धरावी तसा. समोर रतन कोरा कागद घेऊन मान खाली घालून बसलेला.

"बघ रं," पोराला पाहून दामाजी हसला, "बरा दिसतंव ना मी?"

केळशीकरांना हसू आवरलं नाही. "हे काय सोंग उभं केलंय? एखादा तरुण मॉडेल घ्यायचा ना!"

देवरामला भयंकर लाज वाटली, पण बापाची नव्हे, स्वतःची. तो पुढे झाला, खाली बसला आणि बापाच्या बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"बाबा, काढ ती पॅन्ट."

"अरं, पन तुजा नाव..."

"काढ म्हणतो ना!"

मग तो उठून केळशीकरांकडे वळला. "हे सोंग नाही, साहेब. हा माझा बाप. तुम्हाला जो धाकू तांडेल हवाय ना, तो हाच. तो रुमालातच असतो. असा नेणार असाल तर बोला."

"तुमचं हे लांबोडकं चोपडं ठाण्याबाहेर कुत्रं विचारणार नाही," केळशीकर म्हणाले.

"नाही तर नाही," देवराम म्हणाला, आणि मशीनवर शाई चढवायला गेला.

केळशीकर पायऱ्या उतरून गेले. दामाजीने कागदाच्या गठ्ठ्यामागे जाऊन पॅन्ट उतरवली, रुमाल कसला आणि एका ढांगेत पाय स्टुलावर टाकला. वल्हं ताठ उभं राहिलं. रतनची पेन्सिल भराभर चालू लागली.

देवराम शाईचे हात पुसत समोर आला. डोळे भरले होते, ते त्याने लपवले नाहीत.

"बाबा, जरा छाती पुढे काढ."

"ती पुढंच हाय," दामाजी गुरगुरला.