शेवटची आवळणी

चौथी आखूड स्प्रिंग जागेवर बसली, तशी सुनेने चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे बोल्ट बोटांनीच फिरवले आणि सैलच सोडून ती चाकं चढवायला लागली. स्टुलावर बसलेल्या सासऱ्यांनी ते बरोबर टिपलं. सकाळपासून ते डोळ्यांत तेल घालून अशाच एखाद्या चुकीची वाट पाहत होते.

हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी पाना धरला नव्हता. मुलाला ग्रीसचं वावडं. म्हणून गॅरेज मागच्या गल्लीतल्या टायरवाल्याला देऊन टाकायचं जवळजवळ ठरलं होतं आणि संध्याकाळी तो उत्तर न्यायला येणार होता. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली राबलेल्या सुनेने एकच गाडी मागून घेतली होती.

"ही छोटी गाडी आखूड स्प्रिंगा घालून मी एकटीने दीड इंच खाली बसवते. नाही जमलं, तर खुशाल द्या गॅरेज."

आणि आता एवढी हुशार पोरगी बोल्ट आवळायलाच विसरली! सासऱ्यांना वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं. ते मूग गिळून बसले.

सुनेने जॅक उतरवला, गाडी ढकलत, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर आणली आणि बॉनेट चार वेळा दाबून पाहिलं.

"बाबा, जरा स्टिअरिंगवर बसता का?"

"मी? कशाला?"

"गाडीचे मालक अंगाने तुमच्याएवढेच आहेत. वजन पडू दे, मग आवळते. चाकं लोंबकळत असताना आवळलं, तर आर्मच्या सांध्यातलं रबर पिळलेलंच राहतं. वर्षभरात फाटतं."

ते आत बसले आणि ती पाना घेऊन खड्ड्यात उतरली. गाडी हलकेच खाली गेली. तीस वर्षं ते चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट आवळत आले होते आणि रबर फाटून गाडी परत आली, की रस्त्यांना शिव्या घालत होते. नाचता येईना, अंगण वाकडं.

"हे तुला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"आपल्याकडे परत आलेल्या गाड्यांनी," खड्ड्यातून आवाज आला. "फाटलेली रबरं मीच तर बदलायचे. सगळी एकाच बाजूला पिळलेली असायची."

"मग बोलली नाहीस ती कधी?"

"तेव्हा तुमच्या हातात पाना असायचा, बाबा."

सासरे पोट धरून हसले. कौतुकाने त्यांचे डोळेही भरून आले.

"हलू नका हो! अजून दोन बोल्ट राहिलेत."

तेवढ्यात टायरवाला दारात येऊन उभा राहिला.

"काय मालक, काय ठरलं मग?"

सासऱ्यांनी काच खाली केली.

"मला हलायची परवानगी नाही," ते म्हणाले. "मालकीणबाई खाली खड्ड्यात आहेत. त्यांना विचारा."

खालचा पान्याचा आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.