वादळाचा चष्मा

कालिंदी इंगवले यांच्या 'टिल्लू आणि वादळ'च्या तेवीस आवृत्त्या निघाल्या. गोष्ट त्यांची, चित्रंही त्यांचीच. टिल्लू हे सशाचं पिल्लू. रोज संध्याकाळी त्याच्या घरात वादळ शिरतं, भांडी उधळतं, टिल्लूला पेरूच्या झाडावरून खाली पाडतं. शेवटी टिल्लू एक फुंकर मारून त्याला हाकलून देतो. त्या फुंकरीच्या पानावर मुलं टाळ्या वाजवायची.

बहात्तराव्या वर्षी कालिंदीताईंनी आपले सगळे कागद पुण्यातल्या एका बालसाहित्य संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. यादी करायला तिथून विद्याश्री आली. निपाणीची मुलगी, कामाला चोख. कालिंदीताईंच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये तीन दिवस ती कच्ची चित्रं, पत्रं, छपाईचे नमुने लावत होती. चौथ्या दिवशी कपाटाच्या तळातून साडीचा एक खोका निघाला, सुतळीनं आवळलेला.

आत टिल्लूचे पहिले कागद होते. पण त्यांत ससा नव्हता. हाफ चड्डीतला आठ वर्षांचा मुलगा होता. आणि वादळाला पाय होते, इस्त्रीची पँट होती, डोळ्यांवर चष्मा होता, हातात कमरेचा पट्टा होता. एका कागदावर त्या माणसाचा गुडघा मुलाच्या पाठीवर रोवलेला आणि मुलाचा हात मागं, जिथं हात जात नाही तिथवर पिळलेला. खाली बारीक अक्षरात तारीख होती, '१४ जून १९८९. यशू. डावा कोपर.'

विद्याश्रीनं तो कागद त्यांच्यासमोर धरला. "ताई, हे…"

"आमचे हे," कालिंदीताई म्हणाल्या. त्यांचे यजमान त्र्यंबकराव गणिताचे शिक्षक. गावात मान मोठा. तीन वर्षांपूर्वी वारले तेव्हा वर्तमानपत्रात फोटो आला होता. "सतराचा पाढा चुकला म्हणून. कोपर मोडल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला."

"मग पेरूचं झाड?"

"दवाखान्यात आम्ही तेच सांगितलं. यशूकडूनही तेच वदवून घेतलं." त्यांनी कागद परत खोक्यात ठेवला. "ठेव यादीत."

"तुमच्या मुलालाही विचारावं लागेल, ताई. त्यांचं नाव आहे ह्यावर."

"विचार."

विद्याश्रीनं फोन केला. यशूचं, म्हणजे यशराजचं, शिरोलीला इंजिनदुरुस्तीचं वर्कशॉप होतं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं, "चित्र हाय? त्या दिवसाचं?"

पाऊण तासात तो आला, कामाच्या कपड्यांत. हातात हातभर लांबीचा पाना होता. दारातून आत येता येताच त्यानं तो चित्रं काढायच्या टेबलावर घातला. काच फुटली, रंगाच्या बाटल्या भिंतीवर फुटल्या.

"कुठं हाय ते?"

"साहेब, बसा तुम्ही आधी—"

"तुम्ही बाजूला व्हा, मॅडम!"

विद्याश्रीनं लावून ठेवलेले गठ्ठे त्यानं लाथेनं उडवले. मग खोका दिसला. वरचाच कागद त्यानं उचलला, बघितला, आणि त्याचा चेहरा पिळवटून निघाला. त्याचा डावा हात आजही सरळ होत नव्हता. कागद त्या वाकड्या हातातच होता.

"तू बघत होतीस," तो म्हणाला. "मला वाटायचं तू आत असतीस. तुला ठाऊक न्हाय. आई गं, आई गं म्हणून वरडत होतो की मी! आन् तू दारात बसून चित्र काढत होतीस?"

"त्याच रात्री काढलं. पण स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हे खरं."

"मग सोडवलं का न्हाईस?"

"भ्याले."

"आन् पुस्तक काढलंस! शाळेत मला टिल्लू म्हणायची पोरं. मास्तरांचं वादळ आलं का रं, म्हणून हसायची. फुंकर मारून जातंय व्हय वादळ? सांग की! जातंय?"

त्यानं पाना उगारला तो खोक्यावर. विद्याश्रीनं खोका छातीशी धरून अंग चोरलं. पान्याचं टोक तिच्या कपाळाला लागलं, कातडी फाटली आणि रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. ती खाली बसली, पण खोका सोडला नाही. यशराज तो हिसकायला वाकला तशा कालिंदीताई मधे आल्या. त्यांनी त्याचं मनगट धरलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी कधी मारणाऱ्याचा हात धरला नव्हता.

त्यानं हात झटकला, आणि मग पूर्ण ताकदीनं त्यांना मारलं. एकदा उलट्या हातानं तोंडावर. दुसऱ्यांदा खांद्यावर, पान्यानं. हाड मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला.

तो आवाज यशराजला ओळखीचा होता. पाना त्याच्या हातातून गळून पडला. आई काचांवर कलंडली होती, ओठ फाटून हनुवटीवरून रक्त गळत होतं. तो भिंतीला टेकत खाली सरकला आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन बसला, आठ वर्षांचा असताना बसायचा तसा. शेजारच्या चिमणाबाई आरडाओरडा ऐकून धावत आल्या, तरी त्यानं मान वर केली नाही.

दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आला. "आजी, पाय घसरला का?" त्यानंच वाट काढून दिली.

"नाही. माझ्या मुलानं मारलं," कालिंदीताई फाटक्या ओठांनी म्हणाल्या. "लिहा. आणि त्याच्या बापानं त्याचा हात मोडला आणि मी बघत राहिले, तेही लिहा."

"मास्तर वारले न्हवं? ते आता कशाला?"

"तरी लिहा."

विद्याश्रीला सहा टाके पडले. तक्रार मागं घ्या म्हणून यशराजच्या ओळखीची दोन माणसं तिला भेटली. ती म्हणाली, "त्यांचं दुःख खरं आहे. टाकेही खरे आहेत." खटला चालू आहे.

जामिनावर सुटल्यावर यशराजनं संग्रहालयाला चार ओळी लिहून दिल्या. कागद सगळ्यांना बघायला उघडे ठेवा, माझं नावही राहू द्या. आईला त्यानं फक्त एक निरोप धाडला, ते पुस्तक बंद कर.

कालिंदीताईंनी त्याच दिवशी प्रकाशकाला फोन करून चोविसावी आवृत्ती थांबवली. का, ते एका वर्तमानपत्रात स्वतःच्या नावानं लिहिलं. खूप पत्रं आली. कुणी शिव्या घातल्या, कुणी मेलेल्या माणसाला बदनाम करता म्हणून सुनावलं. एका बाईनं नुसतं स्वतःच्या मुलाचं वय लिहिलं होतं आणि विचारलं होतं, आता उशीर झाला का? कालिंदीताईंचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. त्यांनी डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत, तिला पानभर उत्तर लिहिलं: आजच्या आज मुलाला घेऊन घराबाहेर पड.