गाभोळीचं पापलेट

नवी पेठेतले चादरींचे व्यापारी सिद्धलिंगप्पा म्हणजे लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारा माणूस. आणि तो आज नाकाला उपरणं लावून मासळी बाजारात उभा. काय वेळ आणली पोरीनं!

"मासे तरी सोड, न्हाईतर घर तरी," असं त्यांनीच शिवलीलेला बजावलं होतं. पोरगी त्यांच्याच हट्टाची, तिनं घर सोडलं. समुद्रातली पापलेटं का कमी होताहेत याचा तिचा अभ्यास, म्हणून बर्फातून सोलापुरात येणारा माल ती तपासायची. इकडं तिच्या आईनं, ईरम्मानं, जेवण टाकलं होतं. लेकीला घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवूनच अप्पा आले होते.

"साकु, लीला," अप्पा कानडीत म्हणाले. "पुरे झालं. घरला चल."

शिवलीलेनं तळहाताएवढं पापलेट चिरून पुढं धरलं. "बघा अप्पा, एकदाही न व्यालेलं. सगळी अशी कोवळीच धरली तर मागं उरणार काय?"

"एवढा ढीग पडलाय की. म्हणं संपतंय."

तिचं डोकं सणकलं. "मग तुम्हीच शोधा. अंडी भरलेलं, गाभोळीचं एक पापलेट. सापडलं तर याच पावली घरी येते." मासेवालीला ती म्हणाली, "मावशी, कापलेली सगळी मी घेते."

अप्पांनी उपरणं कमरेला बांधलं. उभ्या जन्मात न शिवलेला मासा उचलला आणि चादरीचा पोत बघावा तसं अंगठ्यानं पोट दाबलं. "हे काप." काही नाही. दुसरं. काही नाही. मासेवाली आधी हसत होती, मग स्वतःच टोपल्या पुढं सरकवू लागली. टोपल्या संपत आल्या तसा अप्पांना धसकाच बसला. पैज राहिली बाजूला, एवढ्या ढिगात एक आई असू नये?

शेवटच्या टोपलीच्या तळाशी एक जरा मोठं लागलं. शिवलीलेनं ते चिरलं आणि पिवळी गाभोळी बाहेर आली.

"लई दिवसांनी बगितली बया," मासेवाली पुटपुटली.

शिवलीलेचा चेहरा उतरला. तिनं सुरी पुसली. "जिंकलात, अप्पा. चला."

"व्हय. शब्द दिलायस, यायलाच पायजे." अप्पांनी गाभोळीकडं बघितलं. "सगळ्या बाजारात एकच, अन् तीबी मारली की गं."

त्यांनी वाकून कापलेल्या माशांची टोपली स्वतः उचलली.

"सुरी घे संगं. तुझ्या अभ्यासाला माडीवर जागा हाय. ईरम्माला मी सांगतो."