हातावरची गोळी

“गोळ्या तुमच्याजवळ ठेवायच्या नाहीत, मावशी. घरातलं कुणीतरी रोज हातावर देईल,” लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कंबर आणि सवय, दोन्हींवर बरोबरच उपचार करू. गोळी हळूहळू कमी करत नेऊ. पण ही अट पाळायची.”

भागूबाईने कशीबशी मान डोलावली. हाडांचे डॉक्टर म्हणायचे, आधी गोळ्या सोडा. व्यसन सोडवणारे म्हणायचे, आधी कंबर दाखवा. सहा वर्षांच्या टोलवाटोलवीनंतर एक दार उघडलं, तर आत जायला सुनेची परवानगी लागणार होती. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगा विकास तळेगावच्या कारखान्यात, आठवड्याने येणारा. घरात उरली रूपा.

लोहगडवाडीत भागूबाईच्या पिठलं-भाकरीच्या टपरीचा आणि तिच्या जिभेचा सारखाच दरारा होता. टपरीसाठी हंडे वाहून कंबर गेली, दुखण्यावर गोळी सुरू झाली, आणि पुढे गोळी नसली की अंगच थरथरायला लागलं. गेल्या दिवाळीत तिने दोन कोंबड्या गुपचूप विकून गोळ्यांची पाकिटं आणली. वर, खुराडं उघडं टाकलंस, मुंगसाने कोंबड्या नेल्या म्हणून सगळ्या वाडीदेखत रूपाला फैलावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीत रूपाने गोळी पुढे केली. भागूबाईने हात पसरला. सुनेपुढे हात पसरायची तिची ही पहिलीच वेळ, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोळी तोंडात टाकून ती घटाघटा पाणी प्यायली.

“त्या कोंबड्या मुंगसानं न्हाई नेल्या,” ती खाली बघत म्हणाली. “मीच इकल्या.”

“ठाव हाय मला.”

“मंग तवा बोलली का न्हाईस?”

“बोलून काय व्हणार व्हतं, आत्या? माझं कुणी खरं धरलं असतं?”

भागूबाईला भडभडून आलं. तिने पदराने डोळे पुसले. रडू खरं होतं, पण गोळी अजून गालातच होती. संध्याकाळी कळ वाढली की दोन लागायच्या, म्हणून ही राखून ठेवायची होती. लपवाछपवीची खोडच जडली होती तिला.

गडावर निघालेली चार पोरं बाकावर येऊन बसली. “मावशी, चहा,” एकाने हाक मारली. रूपा जागची हलली नाही.

“आत्या, तोंड उघडा.”

तिच्या आवाजात राग नव्हता. भागूबाईने गालातली कडू गोळी गिळली, आणि गिऱ्हाइकांसमोर सुनेपुढे मोठा आ केला.