कान्हाबुवांचा पहारा

परवा एकादशी. एकादशीला सप्ता बसायचा, आणि रघूच्या परसातला माच अजून लंगडाच होता.

गावच्या देवळाचं छप्पर उतरवलेलं, म्हणून यंदा सप्त्याला जागा नव्हती. रघू भर बैठकीत बोलून गेला, "माझ्या परसात करा." आता परस म्हणजे धरणाकडे घसरत गेलेला उतार. तेव्हा सहा खांब रोवून, वर तुळया टाकून, फळ्यांचा भक्कम माच करायचा असं ठरलं. खांब रघूनेच आणले. उन्हाळ्यात धरणाचं पाणी हटलं, की बुडालेल्या जुन्या गावाची जोती उघडी पडतात. तिथल्या देवळाचे ऐनाचे खांब बावीस वर्षं पाण्यात राहूनही ठणठणीत होते. लोक म्हणाले, रघूची भक्ती मोठी. खरं काय ते रघूला ठाऊक. भक्ती कसली, भय होतं ते.

सप्त्यात वीणा भुईला टेकवायची नसते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सात दिवस, सात रात्री ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ज्याचा पहारा, त्यानं उभं राहायचं. पुढच्यानं येऊन पाया पडावं, हात पुढे करावे, तेव्हा सुटका. जुन्या गावातला शेवटचा सप्ता श्रावणातला. तिसऱ्या दिवशी पाणी वेशीला लागलं आणि गाव उठला. पहाऱ्यावरचे कान्हाबुवा मात्र गळ्यात वीणा घेऊन सभामंडपात, खांबाला खांदा लावून उभे. म्हणाले, "सप्ता मोडायचा नाय. पुढला पहारा तुझा, रघू. तू आलास की मी निघतो." वीस वर्षांचा रघू देवळासमोर एकटाच ट्रॉलीत म्हशी चढवत होता. "आलोच बुवा!" म्हणाला, आणि ट्रॉलीबरोबर निघून गेला. सकाळी कळस तेवढा पाण्यावर. बुवा धसईला लेकीकडे गेले असतील, असं लोकांनी मनाशी धरलं. ते तिथे पोचलेच नव्हते. पुढचा पहारा कुणाचा होता, ते रघूनं जन्मात एकट्या बायकोला, भागीरथीला, सांगितलं होतं.

माचाचं काम पलीकडच्या वाडीतल्या जैतूकडे. हाताला चोख, तोंडाला मोकाट. त्यानं दीड-दीड हात खड्डे घेतले, तळाशी दगड ठोकून बसवले, खांबांचे बुडखे जाळून डांबर फासलं, मुळाकडची बाजू खाली ठेवून सहाही खांब उभे केले. आता तुळया टेकवण्याआधी उंची एक करायची. त्याला खर्डीहून आणलेली लांब पारदर्शक नळी. तिच्यात पाणी भरायचं, एक टोक या खांबाला, एक त्या खांबाला. दोन्हीकडे पाणी सारखंच उभं राहतं, तिथे कोळशानं रेघ मारायची. पाण्याला कुणाची भीड नसते.

पाच खांब जमले. राहिला चौथा. रघूनं त्याला नळीचं टोक लावलं.

"रघूदादा, नळी नको रे उचलू!"

"हात पन नाय हलवला."

"मग पानी काय शिडी लावून चढतंय?" जैतू हसला.

पाणी चढत होतं. रेघेच्या वर बोटभर, मग वीतभर. रघूच्या छातीशी आलं, गळ्याशी आलं आणि टोकातून उसळून त्याच्या मनगटावर सांडलं. भर वैशाखातल्या दुपारी ते हाडं गोठवणारं गार होतं. नळीत नितळ पाणी भरलं होतं. सांडलं ते गढूळ, श्रावणातलं.

"जैतू, तुझ्याकडं उतरलं का रे?"

पलीकडून जैतूचा आवाज आला, हसू पार पुसलेला. "माझ्याकडं हललंच नाय."

तीनदा भरली, तीनदा तेच. महिनाभर उन्हात वाळवलेल्या त्या खांबाच्या बुडाशी माती भिजू लागली. खांद्याच्या उंचीवर लाकडात एक गुळगुळीत खळगा होता. पिढ्यान्‌पिढ्या विणेकऱ्यांनी खांदा टेकून झिजवलेला. रघूनं तो ओळखला. बुवा टेकले होते तो हाच खांब.

"काढू याला," जैतू म्हणाला. "वर माणसं नाचायला लागली न् यानं बसकन मारली, तर देव पन माफ नाय करायचा." दोघांनी खांबाला मिठी घालून जोर लावला. काल दोघांनीच उचलून खड्ड्यात उभा केलेला खांब आज तसूभर हलेना.

"खालून कोनी धरलाय काय?" जैतू पुटपुटला आणि लांब सरकला.

भागीरथी चहा घेऊन आली होती. तिनं खळगा बघितला, नवऱ्याचं ओलं मनगट बघितलं आणि कप तसेच पायरीवर ठेवले.

"अवो, बावीस वर्सं झाली," ती हलकेच म्हणाली. "पाय दुखत नसतील का त्यांचे?"

रघूनं खळग्यावरून हात फिरवला. "मी पहारा घेतला, तर माझा कोन सोडवील गो? पळून गेलेल्याचा पहारा कोन घेतो?"

भागीरथीनं पायरीवरचे कप उचलले आणि ती आत गेली.

तिन्हीसांजेला रघूनं अंघोळ केली, धुवट धोतर नेसला, बुक्का लावला. नळी अजून बांधलेल्या चौथ्या खांबापुढे त्यानं कपाळ टेकलं. मातीला ओल्या धोतराचा वास होता.

"बुवा, लई उशीर केला मी. द्या."

त्यानं हात पुढे केले. धरणावरून येणारा वारा थांबला. मग गळ्यात ओला, जड पट्टा पडला आणि मान खाली गेली. हातात काही दिसत नव्हतं. बोटांखाली मात्र तार होती. मागं कुणीतरी लांब, दमलेला श्वास सोडला. उतारावरून धरणाकडे चिखलातली पावलं वाजत गेली, हळूहळू, पाय अवघडलेल्या माणसाची.

"बसलं!" पलीकडून जैतू ओरडला. "दादा, तुझ्याकडचं पानी उतरून माझ्या रेघेबरोबर बसलं!"

रघूच्या ओठांत नाम सुरू झालं होतं आणि पाऊल उचलत नव्हतं. दिवेलागण झाली. त्याच्या सदऱ्याच्या गळ्यातून पाणी ठिबकत होतं. जैतूनं खांद्यावरचा पट्ट्याचा काळा, ओला वळ बघितला आणि डोक्यावरची टोपी काढली.

रघूनं धरणाकडे बघितलं. अंधारात पाणी काळं होत चाललं होतं. आता कळलं, बुवांनी त्या दिवशी कुणाची वाट पाहिली असेल आणि कशी.

मागल्या दारी तांब्या वाजला. भागीरथी हातपाय धुऊन आली, पदर डोक्यावर घेतला, नवऱ्याच्या पायांवर वाकली आणि उठून दोन्ही हात पुढे केले.

"द्या इकडं. माझा पहारा."

रघूची मान हलकी झाली. भागीरथीचा खांदा मात्र अलगद खाली झुकला आणि तिच्या पदराच्या काठावरून पाणी ठिबकू लागलं.

जैतू दिवसभरात पहिल्यांदाच काही न बोलता पायरीवर बसला आणि तांब्यातल्या उरल्या पाण्यानं पाय धुऊ लागला. पुढचा पहारा त्याचा होता.