नूडलचा उजवा कान

माझी बहीण वर्ना गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी आली आणि आठवड्याभरात तिचा फोन आला. नूडलला अंघोळ घालायची आहे, मला वाकता येत नाही, तू ये. नूडल म्हणजे तिचा फेरेट. मुंगसासारखा लांबुळका, आणि वास असा की थँक्सगिव्हिंगच्या टर्कीलाही भारी पडावा. मला तो प्राणी कधीच आवडला नाही. पण तो टीगचा होता, आणि टीग, वर्नाचा एकुलता एक मुलगा, दोन हिवाळ्यांपूर्वी तळ्यावरचा बर्फ फुटून बुडून गेला. त्याचं म्हणून श्वास घेणारं एवढंच उरलं होतं त्या घरात. तेव्हा नाक दाबून मी गेले.

तिचा नवरा डेल्बर्ट दारातच म्हणाला, थंडी आहे, अंघोळ कशाला, राहू दे. मी म्हटलं, "तुला नको तर तू नको करूस, त्याला तरी करू दे." तो हसला नाही. टीग गेल्यापासून हा माणूस तसाही हसत नाही. मुलाला पुरलं त्या दिवसानंतर दफनभूमीत त्याने पाऊल टाकलं नव्हतं. त्या रस्त्याने गाडीसुद्धा नेत नसे. वर्ना दर रविवारी एकटी जायची. दगडाच्या काळजाचा आहे मेला, असं मला सांगायची, आणि मीही मान डोलवायचे.

सिंकमध्ये कोमट पाणी भरलं, पाय घसरू नयेत म्हणून तळाला जुना टॉवेल घातला. वर्ना स्टुलावर बसून हुकूम सोडत होती. डोळ्यांत साबण नको. फार चोळू नकोस, अंगचं तेल निघून गेलं की उलट जास्त वास मारतो. नखं कापायच्या वेळी त्याच्या पोटावर माशाचं तेल टाकलं. साहेब ते चाटण्यात गुंग, तोवर मी नखं उडवली.

"बघ कसा वळवळतोय," वर्ना म्हणाली. "मी नसताना डेल्बर्टने काय खाऊ घातलं कोण जाणे. म्हाताऱ्याचा पोरगा झालाय. रंगही उजळलाय."

"हिवाळ्याचे केस आलेत," डेल्बर्ट म्हणाला. तो दारातून हलतच नव्हता.

कान मात्र वर्ना कुणाला साफ करू देत नाही. मी नूडलला मानेच्या कातडीला धरून उचललं. तसं धरलं की तो लुळा पडून जांभया देतो. तिने उजवा कान उलटा केला, आतला तपकिरी मळ पुसला आणि तिचा हात थांबला.

कानात दोन हिरवे ठिपके होते. गोंदलेले.

दुकानातून घेतलेल्या फेरेटच्या कानात असे ठिपके असतात, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. पण नूडल दुकानातला नव्हता. टीगने त्याला एका शेतकरीणबाईच्या कोठारातून आणलं होतं, शर्टाच्या आत घालून. त्याचे कान कोरे होते, आणि ते वर्नानेच इतकी वर्षं पुसले होते.

 तिने कापूस ओला करून ठिपके घासले. पुन्हा घासले. ते जाईनात.

"हा कोण आहे?" ती म्हणाली.

मला वाटलं, आता डेल्बर्ट थाप मारणार.

"तू दवाखान्यात गेलीस त्याच आठवड्यात," तो म्हणाला. "सकाळी नूडल पिंजऱ्यातल्या झोळीत पडलेला. तो मेल्यासारखाच झोपायचा ना नेहमी? मी संध्याकाळपर्यंत वाट बघितली गं."

मग तिला कसं सांगायचं म्हणून त्याने शहरातली दुकानं पालथी घातली होती, तशा रंगाचा मिळेपर्यंत. हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी त्याला झापायला तोंड उघडलं, पण वर्नाने हाताने मला गप्प केलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आणि त्याला कुठे टाकलंस? कचऱ्यात?"

"टीगजवळ," डेल्बर्ट म्हणाला. "त्याच्या पायाशी. जमीन अजून गोठली नव्हती."

मला ऐकू आलं ते खरं वाटेना. वर्ना तर पापणी न हलवता त्याच्याकडे बघत राहिली.

"तू गेलास तिथे? त्याला नेलंस कसं?"

"शर्टाच्या आत घालून."

 मग वर्नाने कापूस खाली ठेवला आणि काठी मागितली.

"कोट दे माझा," ती त्याला म्हणाली. "आत्ता घेऊन चल मला."

तो तिला धरून पायऱ्या उतरला. मी त्या परक्या, थरथरणाऱ्या जिवाला टॉवेलात गुंडाळून खिडकीशी उभी राहिले. त्याचा डावा कान अजून मळकाच होता.